अपक्ष नसलेला अपक्ष

'अपक्ष' म्हटलं की आपल्याला आधी बेरीज आठवते. १९९५ च्या विधानसभेत महाराष्ट्राने तब्बल ४५ अपक्ष निवडून दिले आणि सरकार कुणाचं येणार हे त्यांच्या पाठिंब्यावर ठरलं. चिन्ह वेगळं, पक्ष कुठलाच नाही, म्हणून अपक्ष. कायद्यापुरतं हे ठीक आहे. पण पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला माणूसही मनाने अपक्ष असू शकतो का? याचं एक उत्तर रोह्यात सापडतं.

पेण सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की वडखळ, गडब, आमटेम करत नागोठणे येतं आणि तिथून रोह्याकडे वळता येतं. या सगळ्या पट्ट्याचा जिल्हा तेव्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत कुलाब्याने दिल्लीला पाठवलेला खासदार म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. घराणं रोह्याचं, जन्म महाडजवळच्या नाते गावचा, साल १८९६. मॅट्रिकला विद्यापीठात पहिले, पुढे केंब्रिज, मग आय. सी. एस. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांनी 'मेघदूता'चा मराठी पद्यानुवादही केला. १९५० पासून ते देशाचे अर्थमंत्री होते.

निवडून आले ते काँग्रेसच्या तिकिटावर. पण काँग्रेसने घडवलेला हा माणूस नव्हे. १९३० मध्ये याच जिल्ह्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, तेव्हा देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. तुरुंगवास नाही, प्रभातफेरी नाही, तालुक्यात कार्यकर्त्यांची फळी नाही. पक्षाला त्यांचं डोकं हवं होतं आणि त्यांना काम. अशा माणसाकडे पाहून कुणीही म्हणालं असतं, की हा वरून सांगतील तिथे सही करणार.

मग आलं १९५६. राज्यपुनर्रचनेचा वाद पेटलेला होता. १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून सांगितलं की मुंबई शहर महाराष्ट्रात जाणार नाही, ते केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई उसळली, गोळीबार झाले. तीनच दिवसांनी, १९ तारखेला, त्याच आकाशवाणीवरून अर्थमंत्री देशमुख बोलले, तेही आयुर्विमा उद्योग सरकार ताब्यात घेत असल्याचं सांगायला. स्टेट बँक आदल्या वर्षीच उभी राहिली होती, दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर होती. कारकीर्द ऐन भरात होती. गप्प राहायला याहून चांगलं कारण कोणतं?

आणि मुंबई कुलाब्याला परकी नव्हतीच. इथला माणूस भातशेती आटोपली की गिरणीत, गोदीत कामाला जायचा. खाडीपलीकडचं हे शहर त्याच्या चुलीशी जोडलेलं होतं.

देशमुखांनी मंत्रिपद सोडलं. राजीनामा मंजूर झाला तो जुलैमध्ये. त्यानंतर लोकसभेत त्यांनी जे निवेदन केलं, त्यात भावनेपेक्षा कार्यपद्धतीवर भर होता. मुंबईसारखा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता जाहीर कसा होतो, हा त्यांचा पहिला मुद्दा. मुंबईतल्या गोळीबारांची चौकशी का नाही, हा दुसरा. आणि महाराष्ट्राबद्दल आकस आहे, हा तिसरा, सगळ्यात झोंबणारा. हे बोलणारा विरोधी बाकावरचा नव्हता, कालपर्यंत शेजारी बसणारा सहकारी होता. म्हणून त्या शब्दांना वजन आलं.

याचा त्यांना राजकीय फायदा काय झाला? फारसा नाही. ते लोकनेते झाले नाहीत. १९५७ मध्ये कुलाब्यातून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत निवडून आले. देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगावर गेले, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला, तो गिरणीकामगार, शेतकरी आणि शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या बळावर. एका राजीनाम्याने राज्य मिळत नाही.

पुढे १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर. तिसरे आले. जिंकले व्ही. व्ही. गिरी, जे कागदावर 'अपक्ष' होते आणि ज्यांच्यामागे खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींची ताकद होती. लेबल आणि माणूस यांचा संबंध किती सैल असतो, ते याहून स्वच्छ कुठे दिसेल?

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. अपक्षाने निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर त्याचंही. घोडेबाजार थांबावा म्हणून हा कायदा आला, पण त्यात पक्षात राहून 'नाही' म्हणणाऱ्याची जागाही आक्रसली. देशमुखांवर असलं बंधन नव्हतं, हे खरं. पण त्यांनी जे सोडलं ते कुठल्याही कायद्याने मागितलेलंही नव्हतं.

म्हणून गडबच्या नाक्यावर प्रचाराची गाडी थांबेल तेव्हा उमेदवाराला चिन्हापलीकडचं एक विचारून बघा: कोणत्या गोष्टीसाठी तुम्ही खुर्ची सोडाल? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. मात्र प्रश्न ऐकून तो हसला, तर ते लक्षात ठेवा.