देवळातील दिवा : समईपासून विजेच्या दिव्यापर्यंत

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, सभामंडप, फरशी आणि कळस यांचा हिशेब आधी होतो. दिव्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, वायरमन दारात आल्यावर सुरू होतो. वास्तविक देऊळ आणि दिवा यांचे नाते दगड आणि चुना यांच्याइतकेच जुने आहे. जुन्या दगडी देवळांच्या गाभाऱ्यास खिडकी नसे, त्यामुळे भर दुपारीही दिव्यावाचून मूर्तीचे मुखदर्शन होत नसे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरात वर्षातून दोन वेळा, नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात. या किरणोत्सवाचे एवढे अप्रूप वाटते, कारण एरवी गाभाऱ्याचा कारभार दिव्यावरच चाललेला असतो.

दिव्यांची घराणी

आपल्या भाषेत दिव्याला जितकी नावे आहेत तितकी थोड्याच वस्तूंना असतील. मातीची ती पणती, उंच दांड्याची पितळी समई, तुपाच्या फुलवातीचे निरांजन, पाच वातींची पंचारती, साखळीने टांगलेला लामणदिवा आणि अखंड तेवणारा नंदादीप. पहाटे देवाला जागविताना कापडाचा पीळ तेलातुपात भिजवून पेटवितात तो काकडा, आणि त्यावरूनच काकड आरती हे नाव पडले. खंडोबाच्या कुळाचारात दिवटी-बुधली, गोंधळ्याच्या हाती दिवटी, भुत्याच्या हाती पोत आणि पालखीपुढे मशाल. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि ती धरणारा मानकरीही ठरलेला.

या सर्वांचे शास्त्र मात्र एकच. कापसाच्या वातीतील बारीक धाग्यांमधून तेल आपोआप वर चढते, टोकाशी उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणून तेल असेपर्यंत वात सावकाश जळते आणि तेल संपताच भराभर जळून जाते. देशावर करडई, जवस, करंज आणि एरंडाचे तेल, तर कोकणात उंडीचे तेल दिव्यासाठी वापरीत.

तेल कोण देई?

नंदादीप अखंड ठेवायचा तर तेलाची नेमणूक पक्की हवी. त्यासाठी राजे, सरदार आणि गावची पांढरी जमिनी इनाम देत. जुन्या कागदपत्रांत देवस्थानच्या पूजा-नैवेद्याबरोबर ‘दिवाबत्ती’चा खर्च वेगळा नोंदलेला आढळतो. याहून जुना पुरावा चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. हा लेख इ. स. १२०७ मधील असून त्याचा काही भाग मराठीत आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापिलेल्या मठाला कोणी काय द्यावे, हे त्यात सांगितले आहे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्या घाण्यांनी प्रत्येकी एक पळी तेल मठास द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. एक पळी ही काही फार मोठी देणगी नव्हे, पण सर्वांच्या पळ्या एकत्र झाल्या म्हणजे मठ चालतो. आजच्या पावतीपुस्तकामागे हाच विचार आहे.

दीपमाळांचेही तसेच. नवस फेडण्यासाठी दीपमाळ बांधावी, ही चाल महाराष्ट्रात फार जुनी. जेजुरीच्या गडाच्या वाटेवर भक्तांनी उभारलेल्या कितीतरी दीपमाळा आहेत. दगडी खांबातून बाहेर आलेल्या हातांवर त्रिपुरी पौर्णिमेस दिवे लावीत, ते लांबूनही दिसत. गोव्यातील दीपस्तंभांची घडण निराळी. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तो फरक सांगावा लागणार नाही.

रॉकेल, कंदील आणि बत्ती

एकोणिसाव्या शतकात दिव्याच्या जगात मोठी उलथापालथ झाली. १८५३ मध्ये इग्नात्सी लुकासिएविच या पोलिश औषधविक्रेत्याने खनिज तेलापासून काढलेल्या रॉकेलवर चालणारा दिवा तयार केला. १८५९ मध्ये अमेरिकेत ड्रेक यांच्या विहिरीस तेल लागले आणि पुढे रॉकेलचे डबे जगभर पोचू लागले. आपल्याकडे घरोघर चिमण्या आल्या, त्यामागून कंदील आले. गावच्या तेल्याच्या घाण्याला त्याची झळ लागली. एके काळी रानातल्या बियांवर जळणारा दिवा आता समुद्रापलीकडच्या तेलावर जळू लागला.

या परावलंबनाला महाराष्ट्राने आपल्या परीने उत्तर दिले. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोचला आणि कारखान्याच्या वस्तीस ओगलेवाडी हे नाव कायमचे मिळाले.

भजनाला आणि लग्नाच्या वरातीला मात्र गॅसबत्तीच लागे. तिच्यातील जाळीचा शोध ऑस्ट्रियाचे आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ च्या सुमारास लावला. दाबाने आलेली रॉकेलची वाफ जळून ही जाळी तापते आणि पांढरीशुभ्र होऊन उजेड देते. एकदा जळलेली जाळी राखेइतकी नाजूक असते. धक्का लागला की बत्ती गेली आणि भजन अंधारात!

वीज आली

१८७९ मध्ये एडिसन यांनी कोळशाच्या तंतूचा टिकाऊ दिवा करून दाखविला. महाराष्ट्रात खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. परंतु सह्याद्रीच्या पावसावर निर्माण झालेली ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली, खेड्यांत चिमण्याच राहिल्या. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि त्यानंतर गावोगाव खांब उभे राहू लागले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले व वीज वितरण महावितरणकडे आले.

आता एल.ई.डी. दिव्यांचा काळ आहे. निळ्या एल.ई.डी.च्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधामुळेच पांढरा उजेड देणारे एल.ई.डी. दिवे शक्य झाले. ६० वॅटचा जुना गोळा एका युनिटमध्ये सुमारे साडेसोळा तास जळे, तर ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा तेवढ्याच विजेत शंभराहून अधिक तास चालतो. देवस्थानच्या बिलाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होय.

ज्योत कोणाच्या हाती?

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विजेचा दिवा बटण दाबले की लागतो, मग देवळाकडे कोणी फिरकले नाही तरी चालते. नंदादीपाचे तसे नाही. त्यात दिवसातून दोन-तीनदा कोणीतरी तेल घालावे लागते, काजळी झाडावी लागते, वात पुढे सारावी लागते. देवळात माणसाचा राबता राहिला तो अशा कामांमुळे. नंदादीप विझला तर तेल महाग झाले असे नव्हे, तर येणारे पाऊल थांबले असे समजावे.

म्हणून जीर्णोद्धार करताना सभामंडपात, पायऱ्यांवर आणि प्रदक्षिणामार्गावर विजेचा भरपूर उजेड अवश्य असावा. म्हाताऱ्याकोताऱ्यांची ठेच त्याने वाचते. परंतु गाभाऱ्यात समईचा उजेड राहू द्यावा. वायरीसाठी कोरीव दगडात खिळे ठोकू नयेत. दीपमाळेवर नुसत्या विजेच्या माळा सोडून तिचे हात रिकामे ठेवू नयेत. त्रिपुरी पौर्णिमेस तरी तेथे तेलाची पणती लागावी. आणि देणगीदारांच्या यादीशेजारी आणखी एक यादी लावावी : कोणत्या वारी कोणत्या घरचे तेल. पाटणच्या लेखातील पळीभर तेलाची प्रथा आठशे वर्षांनीही चालू ठेवता येईल, आणि तिला फार पैसाही लागणार नाही.