अनुदान म्हणजे दान की देणं?



उलव्यात बोलायला बोलावलंत, म्हणून आम्ही हा विषय मुद्दाम निवडला. सरकार स्त्रियांच्या उद्योगाला पैसे देतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण काही पैसे थेट बाईच्या हातात न जाता तिला मदत करणाऱ्या केंद्राला मिळतात. हिशेब शिकवणारी, बँकेत सोबत येणारी, मालाला गिऱ्हाईक शोधून देणारी अशी ही जागा. तिचं भाडं, पगार, वीजबिल कोणी भरायचं? आणि किती वर्षं? आजचा प्रश्न एवढाच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. 'लिज्जतला कुठे अनुदान होतं?' 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेतले आणि गच्चीवर पापड लाटायला बसल्या. देणगी घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. हे सगळं खरंच आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. 1966 मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्यांच्या कामाला मान्यता दिली आणि 8 लाखांचं खेळतं भांडवल मिळालं. म्हणजे त्यांनी दान नाकारलं, सरकारचा हात नाकारला नाही. शिवाय ते पहिले 80 रुपये देणारे आणि व्यवहाराची शिस्त लावणारे छगनलाल पारेख त्यांना लाभले होते. प्रत्येक गावात असा माणूस कुठून आणायचा? त्या माणसाच्या जागी एक व्यवस्था उभी करावी लागते. केंद्र म्हणतात ते हेच.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचंही तसंच. कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका किराणा उधारीवर घ्यायच्या, सावकाराच्या व्याजात बुडायच्या. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेची दारं त्यांना उघडून दिली. बँक तर आधीपासून होतीच की! पण तारण नाही, सही करता येत नाही, अशा बाईला काउंटरपर्यंत नेणारं कोणी नव्हतं.

आता सरकारकडे वळू. 1953 मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख त्याच्या अध्यक्षा. स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची घडी त्यांनी बसवली. गावोगावच्या महिला मंडळांत शिवणवर्ग निघाले. बाई शिवायला शिकली, पण कापड कोण देणार, विकत कोण घेणार, हे बऱ्याच ठिकाणी कोणी विचारलं नाही. शिकवण्याला पैसे मिळत, बाजाराला नाहीत. पुढे 'ट्रेड' नावाची केंद्राची योजना आली. प्रकल्पखर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत सरकारी अनुदान, उरलेलं बँकेचं कर्ज, आणि हे सगळं संस्थेमार्फत. इथे अनुदान आणि पत एका दाव्याला बांधली गेली.

आपल्या महाराष्ट्राचा प्रयोग मात्र आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं 'माविम', 24 फेब्रुवारी 1975 रोजी स्थापन झालं. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं ते. 2007 पासून आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साहाय्याने 'तेजस्विनी' कार्यक्रम सुरू झाला आणि त्यातून लोकसंचालित साधन केंद्रं उभी राहिली. सुमारे वीस गावांतले दीडशे-दोनशे बचतगट मिळून एक केंद्र, कारभार गटांतल्या बायकांचाच. सुरुवातीचा खर्च अनुदानातून, मग अनुदान हळूहळू कमी करायचं. सभासदांची वर्गणी, गटांकडून सेवाशुल्क, बँकेकडून मिळणारं शुल्क यांवर केंद्राने उभं राहायचं. मूल चालायला लागलं की बोट सोडायचं, तसं.

बोट सोडायचं, पण कधी? अमेरिकेतही हाच पेच पडला. तिथे 1988 साली कायदा झाला. तोपर्यंत काही राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज हवं असेल तर घरातल्या पुरुषाची सही मागता येत असे. ते बंद झालं आणि स्त्री-उद्योजकांच्या केंद्रांना सरकारी अनुदान सुरू झालं. अट अशी की केंद्राने स्वतःही बाहेरून पैसा जमवायचा. ठरावीक वर्षांनी केंद्र स्वावलंबी होईल, ही अपेक्षा. पण 1999 मध्ये मुदत संपलेल्या केंद्रांसाठी वेगळी सोय करावी लागली, आणि 2007 मध्ये अनुदानाचं नूतनीकरण करण्याची कायम तरतूद झाली. ती केंद्रं आळशी होती म्हणून का? आम्हाला तसं वाटत नाही. जिच्याकडे अजून काहीच नाही अशा बाईला चार महिने मार्गदर्शन करायचं, तर तिच्याकडून फी कशी घेणार? आणि फी देणाऱ्यांकडेच लक्ष दिलं, तर केंद्र ज्यांच्यासाठी काढलं त्याच दाराबाहेर राहतात.

म्हणून आमचं म्हणणं असं, की दोन खर्च वेगळे धरावेत. कर्ज मिळवून देणं, माल विकून देणं, यातून कमाई होते. तिथे केंद्राने स्वतःच्या पायावर उभं राहावं. पण पहिल्यांदा उंबरठा ओलांडणाऱ्या बाईवरचा खर्च हा शाळेवरच्या खर्चासारखा आहे. शाळा नफ्यात का नाही, असं आपण विचारत नाही. हिशेब मात्र चोख मागतो. इथेही तो मागावा, गावासमोर मांडावा.

आता तुमचं उलवं. 1970 मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. जासईच्या 1984 च्या लढ्यात पाच जणांचे प्राण गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळवला. पुढे विमानतळासाठी डोंगर सपाट झाला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, गावं उठली. 8 ऑक्टोबर 2025 ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. पण मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो, आणि ती नावं बहुतेक पुरुषांची. भात लावणारी, खाडीत निवट्या-खेकडे पकडून बाजारात बसणारी बाई त्या कागदावर कुठे होती? खाडीचा तर सातबाराच नसतो. तिचा धंदा गेला, त्याची नोंदही झाली नाही.

दानात घेणारा उपकाराखाली येतो. कर्जात परतफेड घेणाऱ्याने करायची असते. आणि देणं म्हणजे आधी घेतलेल्याची परतफेड. इथे देणाऱ्याचंच ओझं उतरतं. उद्या इथल्या बायकांसाठी असं केंद्र निघालं आणि त्याला अनुदान मिळालं, तर त्यातलं बरंचसं हे जुनं देणं आहे, एवढं लक्षात ठेवून अर्ज लिहा. विनंतीची भाषा नको, हिशेबाची असू द्या.

प्रश्न असतील तर जरूर विचारा; आणि मागे बसलेल्या ताईंनी आधी विचारावेत.