घराचे वासे

खाल्ल्या घरचे वासे मोजणे हा कृतघ्नपणा समजला जातो. परंतु ज्या छपरांनी आपल्या तीनचार पिढ्यांना पावसापासून राखले, त्यांचे वासे आज कृतज्ञतेने मोजावयाचे आहेत.

अंधेरीकडील मरोळ, आंबोली यांसारख्या गावठाणांत अद्यापि काही कौलारू घरे उभी आहेत. पूर्वी अशा घरांवर बांबूच्या किंवा ताडाच्या वाशांवर नळीची कौले घालीत. ती वाऱ्याने, कावळ्यामांजरांनी हलत; म्हणून मृगापूर्वी दरसाल शाकारणी करावीच लागे. १८६५ साली बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. ती चपटी, एकमेकांत अडकणारी कौले कापीव वाशांवर व रिपांवर घट्ट बसत. शाकारणीचे काम हलके झाले. पण छपराकडे पाहण्याची सवयही हळूहळू सुटली.

वाशांकरिता सागास मान मिळाला, तो त्याच्या गाभ्यातील द्रव्यांमुळे. वाळवी त्यास सहसा शिवत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या भागास मात्र हे कवच नसते, आणि कोवळ्या वयात तोडलेल्या झाडांत तोच भाग अधिक असतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी फासळ्या सुमारे २००० वर्षे टिकल्या आहेत. आपल्या बोरिवलीच्या कान्हेरीतील तशाच फासळ्या मात्र नामशेष झाल्या. वर अभंग खडक असूनही लाकूड जाऊ शकते, मग फुटक्या कौलाखालच्या वाशाची काय कथा?

हलक्या लाकडास दीर्घायुषी करण्याचा यत्नही आपल्याच देशात झाला. १९३३ मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. ते जगभर वापरले गेले. परंतु आर्सेनिकच्या भयास्तव अमेरिकेत २००३ अखेर घरगुती कामांतून ते बहुतांशी मागे घेण्यात आले.

लाकूड कुजते ते बुरशीने, आणि बुरशीस ओल हवी. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या खाली राहिला की ती वाढत नाही. कौलांच्या फटींतून वारा खेळतो, म्हणून भिजलेला वासा पुन्हा वाळतो. हल्ली गळक्या छपरावर प्लास्टिकची ताडपत्री ओढून ती वर्षभर तशीच ठेवतात. त्यामुळे पाऊस बाहेर राहिला, तरी ओल आत कोंडते.

घर फिरले की घराचे वासे फिरतात, असे म्हणतात. या घरांत मात्र क्रम उलटा दिसतो. आधी माणसे वर पाहीनाशी होतात, मग वासे फिरतात, आणि घर सर्वांच्या शेवटी.