कवि नसलेल्यांचें कवित्व

काव्य करणें हा प्रतिभावंतांचा हक्क, आणि इतरांनीं तें वाचून मान डोलवावी, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांत दृढ झालेला आढळतो. महाराष्ट्राचा इतिहास मात्र या समजास पुष्टि देत नाहीं.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत (सुमारें इ. स. ११३०) महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती १२९० सालीं. म्हणजे गीतार्थ सांगण्याचें भाग्य ओवीस लाभलें, त्यापूर्वीं दीडशें वर्षें तरी ती मुसळाच्या ठेक्यावर नांदत होती. या ओव्या रचणाऱ्या बायांनीं स्वतःस कवि कधीं म्हणविलें नाहीं. जात्याशीं दोघी समोरासमोर बसत; एकीनें भावाचें कौतुक आरंभावें, दुसरीनें तें पुढें न्यावें, मध्येंच सासूस एखादी कोपरखळी द्यावी. पाठ असलेल्या ओवींत आपल्या भावाचें वा गांवाचें नांव घातलें, एखादा शब्द फिरविला, कीं नवी ओवी झाली. चुकलें तर हंसणारी ती समोरचीच!

उखाण्याची गंमत निराळी. पतीचें नांव एरवीं उच्चारावयाचें नाहीं, आणि दार अडवून बसलेली मंडळी तर तें ऐकल्यावांचून वाट सोडीत नाहींत. या पेचांतून यमकानें सोडवणूक केली. पहिल्या चरणांतील चांदीच्या ताटाचा नवऱ्याशीं कांहीं संबंध असावा लागत नाहीं; यमक जुळलें कीं पुरे. या खेळांतून विधवेस मात्र वगळलें जाई, हें विसरून चालणार नाहीं.

विसाव्या शतकांत पिठाच्या गिरण्या पसरल्या. बायकांच्या हातांचे घट्टे गेले, हें उत्तमच झालें. पण पहाटेच्या ओवीचा प्रसंगहि त्यांबरोबर गेला. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या संग्रहांत पुष्कळ ओव्या जपून ठेविल्या. पुढें १९८० नंतर हेमा राईरकर, गी पॉइतवाँ व त्यांचे सहकारी यांनीं खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इतकें काव्य, आणि त्यांत कवि म्हणून मिरविणारें कोणी नाहीं!

उखाणा अद्याप टिकून आहे. परंतु तो बहुधा छापील पुस्तिकेंतून पाठ केलेला असतो. तयार उखाणा घडाघडा म्हणणारीपेक्षां, अडखळत स्वतःच्या दोन ओळी जुळविणाऱ्या नववधूस हंशा अधिक मिळतो, आणि त्या हंशांत तीहि सामील होते. जात्यावरची परंपरा केवळ संग्रहांत राखून भागणार नाहीं. पुढच्या हळदीकुंकवास ती पुस्तिका तेवढी मिटून ठेवावी.