मानमोडीच्या साली रांगणारी आजी

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. शहरातलं जन्म-मरण तिच्या दप्तरी, खेड्यातलं पोलीस पाटलाकडं. लगीन मात्र सरकारदरबारी कुणी लिहीत नव्हतं. देव, भटजी अन् गाव हेच साक्षीदार.

१९१८ साली मानमोडीच्या तापानं घरंच्या घरं ओस पडली. पुढं १ एप्रिल १९३० पासून सारडा कायदा लागला. मुलगी चौदा, मुलगा अठरा वर्षांचा पाहिजे. त्याच्या आधी लोकांनी घाईनं लेकरांची लग्नं उरकली. आमची आजी त्यातलीच. वय विचारलं तर म्हणायची, "मानमोडीच्या साली मी रांगत होते." तिची दोन लेकरं बारशाआधीच गेली. त्यांना नावंच नव्हती.

माउली, घरच्या म्हाताऱ्यांना आजच विचारा, लिहून ठेवा. आम्ही उशीर केला.