धरणाच्या शेजारी टँकर: शहापूर-मुरबाडमधल्या संशोधनाची गोष्ट

"सर, विषयच सुचत नाहीये." हे वाक्य तुम्ही एव्हाना कोणाला तरी म्हणून झाला असाल, नाहीतर लवकरच म्हणाल. विषय कसा निवडावा याचे सल्ले भरपूर मिळतात. मी त्याऐवजी दोन तालुक्यांचा इतिहास सांगते. तिथे दीडशे वर्षांत कोणी काय अभ्यासलं आणि कशासाठी, एवढंच बघू.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडचे, सह्याद्रीला टेकलेले तालुके. त्यांची पहिली मोठी छापील नोंद म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड, साल १८८२. जमीन, पिकं, सारा, घाटवाटा, ठाकूर-कातकरी-कोळी लोक, सगळं त्यात आहे. खंड वाचनीय आहे, वाचाच. फक्त तो सरकारला कारभार करता यावा म्हणून लिहिलेला आहे हे लक्षात ठेवा. दुसरी एक गोष्ट तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: तेव्हाच्या शहापूर तालुक्यात मोखाडा पेटाही धरलेला असे. म्हणजे त्या काळातली 'शहापूर'ची लोकसंख्या आजच्या शहापूरशी सरळ ताडून चालणार नाही. हाच सापळा आपल्या काळातही आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत 'ठाणे' म्हणून दिसणारे १ कोटी १० लाख लोक जुन्या, अखंड जिल्ह्यातले आहेत. आकडा उचलण्याआधी हद्द विचारायची.

गॅझेटियरनंतर आले ते इंजिनिअर. मुंबईला पाणी हवं होतं आणि इथे पाऊस होता, दऱ्या होत्या, उंचीही होती. तानसा १८९२ मध्ये झालं, वैतरणेवरचं मोडकसागर १९५७ मध्ये आणि पुढे भातसा. आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. मुरबाडच्या बाजूला औद्योगिक महामंडळाचं बारवी धरण आहे. त्यासाठी मोजमाप चांगलंच झालं असणार, त्याशिवाय अशी धरणं उभी राहत नाहीत. पण प्रश्न शहराचा होता. धरणापासून हाकेच्या अंतरावरच्या पाड्यात मे महिन्यात लोक काय पितात, हा त्या मोजमापाचा विषयच नव्हता.

हा प्रश्न संशोधनात आला तो बराच उशिरा, आणि त्यात विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. आयआयटी मुंबईत १९८५ मध्ये 'सितारा' हे केंद्र सुरू झालं. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान हा त्याचा विषय. २००७ मध्ये तिथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. सुरू झालं. त्यात विद्यार्थ्यांनी काही आठवडे गावात राहून काम करायचं असतं. कर्जत, शहापूर, मुरबाड, मोखाडा हे साहजिकच त्यांचं मैदान झालं. या कामात पुढे असलेले मिलिंद सोहोनी मूळचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. केतन मुलमुले यांच्यासोबत त्यांनी भूमितीय गुंतागुंत सिद्धांत मांडला, म्हणजे शुद्ध गणिताच्या टोकाचं काम. असा माणूस टँकरच्या याद्या वाचतो, हे 'आपल्या विषयात बसत नाही' म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम सांगते.

आता टँकरचा प्रश्न स्वतः सोडवून बघा. समजा पाडा ३०० माणसांचा आहे. ग्रामीण योजनांचा जुना निकष माणशी रोज ४० लिटर. म्हणजे दिवसाला १२,००० लिटर, आणि उन्हाळ्याचे ९० दिवस धरले तर १० लाख ८० हजार लिटर. दुसऱ्या बाजूला, इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका हेक्टरवर तो अडीच कोटी लिटर होतो. अख्ख्या पाड्याची उन्हाळ्याची गरज एका हेक्टरवरच्या पावसाच्या पाच टक्केही नाही!

मग पाणी जातं कुठे? इथून पुढे एकटा विषय पुरत नाही. खाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी धरतो तो फक्त झिजलेला, भेगाळ थर, आणि तो पातळ असला की उतारावरच्या विहिरी लवकर आटतात. ही झाली भूविज्ञानाची बाजू. पण कागदावर नळपाणी योजना असलेल्या गावातही टँकर येतो. कुठे मोटार जळलेली असते, कुठे वीजबिल थकलेलं असतं, कुठे टाकीपेक्षा उंचावरच्या घरांना दाबच मिळत नाही. तिथे अभियांत्रिकी लागते. आणि विहीर गावठाणात, पाडा दोन किलोमीटरवर, पंपाची किल्ली तिसऱ्याकडे, हे फक्त माणसांशी बोलून कळतं. जनगणनेतही पाडा वेगळा सापडत नाही, कारण ती महसुली गाव मोजते. कागदावर गावाला पाणी मिळालं की पाड्यालाही मिळालं असं धरलं जातं.

अशाच प्रकारच्या प्रश्नांतून कामाची साधनं निघतात. प्रा. ओम दामाणी यांच्यासोबतच्या एका पीएचडीच्या कामातून 'जलतंत्र' ही प्रणाली तयार झाली. नळयोजनेच्या फाट्याफाट्यांच्या जाळ्यात कुठे किती व्यासाचा पाइप टाकला म्हणजे दाबही राहील आणि खर्चही कमीत कमी होईल, हे ती काढून देते. २०१६ मध्ये राज्य सरकारने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू करून कॉलेजांना आपापल्या भागातल्या प्रश्नांशी जोडायचं ठरवलं. कल्पना चांगलीच आहे. मात्र आपल्या स्पर्धा आणि परिषदा अजूनही मानव्यविद्या, विज्ञान, अभियांत्रिकी असे रकाने आखतात. टँकर कुठल्या रकान्यात टाकायचा? बहुतेक विद्यार्थी मग प्रश्नच कापून रकान्यात बसवतात. माझ्या मते प्रकल्पाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

या भागात काम करायचं असेल तर जागा रिकामी आहे. २०१९ च्या जलजीवन मिशनने निकष माणशी ५५ लिटर केला, तोही घरातल्या नळाला. शहापूरसाठी घाटावरच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आखली गेली, म्हणजे पंपाच्या वीजबिलाचा प्रश्न सुटावा. यातून पाड्यापर्यंत मेमध्ये काय पोचतं, ते मोजण्यासारखं आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. ते आकडे मिळवा, पंचायत समितीकडून टँकरची नोंद घ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून एकच पाडा निवडा. आसनगाव किंवा कल्याणहून एसटी मिळते, पण शेवटची गाडी कधी आहे ते आधी विचारा. विहिरीवर जायचं तर पहाटे जा. दुपारी तिथे भेटायला कोणी नसतं.