द्विमितीय आणि त्रिमितीय डिजिटल नकाशांचे वाचन

द्विमितीय आणि त्रिमितीय डिजिटल नकाशांचे वाचन म्हणजे पडद्यावरील नकाशाच्या आधारे आपले स्थान, दिशा आणि पुढील मार्ग ओळखण्याची प्रक्रिया होय. द्विमितीय अर्थात सपाट नकाशात भूभाग थेट वरून पाहिल्याप्रमाणे दिसतो. त्रिमितीय नकाशात तो तिरकस कोनातून, इमारती व पुलांच्या उंचीसह दाखवला जातो. यांपैकी कोणता प्रकार उपयुक्त ठरेल, हे प्रवाशापुढील प्रश्नावर अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात दोन्ही प्रकारांची गरज भासते.

संशोधन

मार्क सेंट जॉन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वस्तूचा किंवा भूभागाचा आकार समजून घेण्यासाठी त्रिमितीय दृश्य, तर दोन बिंदूंचे परस्परस्थान अचूक ठरवण्यासाठी द्विमितीय दृश्य अधिक उपयुक्त ठरले. तिरकस दृश्यात दूरची अंतरे आखूड भासतात आणि पुढील वस्तूंमुळे मागील वस्तू झाकल्या जातात.

नकाशाची दिशा हा मितींपेक्षा वेगळा घटक आहे. उत्तर दिशा वर ठेवलेला नकाशा दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशाला मनातल्या मनात फिरवावा लागतो. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवल्यानुसार, आकृती मनात जितक्या मोठ्या कोनातून फिरवावी लागते, तितका अधिक वेळ लागतो. प्रवासाच्या दिशेने फिरणारा नकाशा सपाट असला तरी हा भार कमी करतो.

पिंपरी-चिंचवड

कासारवाडीजवळील नाशिक फाटा येथे जुना पुणे-मुंबई महामार्ग, पुणे-नाशिक मार्ग, लोहमार्ग, दुमजली उड्डाणपूल आणि मेट्रोचा उन्नत मार्ग एकत्र येतात. पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा मेट्रोचा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. सपाट नकाशात एकावर एक असलेले रस्ते एकमेकांना छेदणाऱ्या रेषांसारखे दिसतात. पुलावर चढायचे की खालच्या रस्त्याने जायचे, हा निर्णय चढाच्या आधीच घ्यावा लागतो. तो चुकल्यास पुढे जाऊन वळसा घालावा लागतो. अशा ठिकाणी त्रिमितीय चौकदृश्य उपयोगी पडते.

चाकण

चाकण औद्योगिक क्षेत्र महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, सावरदरी आदी गावांच्या परिसरात पसरले आहे. येथे मालवाहू वाहनचालकाला प्रामुख्याने भूखंड क्रमांक, कारखान्याचे योग्य प्रवेशद्वार आणि तेथवरचे वळण हवे असते. एकसारख्या दिसणाऱ्या शेडच्या त्रिमितीय आकृत्यांतून ही माहिती मिळत नाही. ठळक नावे असलेला सपाट नकाशा अधिक उपयुक्त ठरतो. तळेगाव चौकात पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता मिळतात. तेथे कोणता रस्ता कोणत्या गावाकडे जातो, हेही सपाट नकाशावरून सहज कळते.

भारतातील सेवा

जुलै २०२२ मध्ये गूगलने भारतातील १० शहरांत स्ट्रीट व्ह्यू सेवा सुरू केली. त्यांत पुण्याचा समावेश होता. २०२४ मध्ये गूगल मॅप्सने निवडक भारतीय शहरांत उड्डाणपुलाची आगाऊ सूचना देण्यास प्रारंभ केला. मॅपमायइंडियाच्या मॅपल्स ॲपमध्ये चौकांचे त्रिमितीय दृश्य उपलब्ध आहे.

मर्यादा

उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत उंचीतील त्रुटी सामान्यतः आडव्या स्थानातील त्रुटीपेक्षा अधिक असते. त्यामुळे वाहन पुलावर आहे की पुलाखाली, हे ओळखण्यात ॲपची चूक होऊ शकते. त्रिमितीय चित्रात पूल दिसला तरी त्याखालील मोकळी उंची किती मीटर आहे, हे त्यातून कळत नाही. मोटारींसाठी बनवलेली सर्वसाधारण ॲप्स वाहनाची उंची विचारात घेत नाहीत. म्हणून अवजड वाहनांच्या चालकांसाठी रस्त्यावरील उंचीमर्यादेचा फलक हाच निर्णायक असतो.